आधी धाकटी, मग थोरली : बरेच महिने उभ्या राहिलेल्या हायब्रिड गाडीची बॅटरी कशी तपासायची

पाच महिने मुलीकडे अमेरिकेत काढून आम्ही पुण्याला परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्किंगमध्ये उतरले. किल्ली पर्समध्ये होती. दाराच्या मुठीला हात लावला, गाडीनं ओळखच दाखवली नाही. रिमोटच्या पोटातली खरीखुरी लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, ब्रेक दाबून बटण दाबलं. डॅशबोर्डवर क्षीण उजेड आला, आत कुठेतरी रिले (विजेनं आपोआप उघडमीट होणारे स्विच) भट्टीतल्या फुटाण्यांसारखे तडतडले आणि सगळं शांत. डिकीतली बॅटरी पाहावी म्हटलं, तर डिकीचं कुलूप विजेवरचं. बॅटरी मेली म्हणून डिकी उघडेना, आणि डिकी उघडेना म्हणून बॅटरीला हात लावता येईना.

ओळखीच्या मेकॅनिकनं फोनवरच निदान केलं. "ताई, मोठी बॅटरी गेली. पाच महिने गाडी उभी म्हणजे गेलीच ती." मोठ्या बॅटरीचा आकडा लाखांत. प्रत्यक्षात गेली होती ती छोटी, आणि काम काही हजारांत भागलं. त्यानंतर सोसायटीतल्या आणि नात्यातल्या चार-पाच हायब्रिड गाड्या अशाच उठवल्या. त्यातली एकच खरोखर मोठ्या बॅटरीची केस निघाली. पण त्या प्रत्येक मालकाला कुणी ना कुणी आधी मोठीच बॅटरी बदलायला सांगितलं होतं. म्हणून तपासणीचा क्रम इथे लिहून ठेवतेय. क्रम पाळला तर पैसे वाचतात. उलट केला तर धड असलेली बॅटरीही मोडीत निघते.

घरात बॅटऱ्या दोन

हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. त्यांना मी धाकटी आणि थोरली म्हणते. धाकटी म्हणजे १२ व्होल्टची, साध्या गाडीत असते तशीच शिसं आणि आम्लाची, पण अंगानं लहान. बऱ्याच गाड्यांत ३५ ते ४५ अँपिअर-अवरची. थोरली मागच्या सीटखाली, सीटच्या पाठीमागे किंवा पुढच्या सीटांखाली बसलेली असते. टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत ती २०१.६ व्होल्टची आहे : १.२ व्होल्टचा एक सेल, सहा सेलांचं एक मॉड्यूल, अशी २८ मॉड्यूलं एकामागे एक जोडलेली. मिळून १६८ सेल. इनोव्हा हायक्रॉसमध्येही १६८ सेलांचीच निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे. २०१२ ते २०१७ च्या कॅमरी हायब्रिडमध्ये ३४ मॉड्यूलं, २४४.८ व्होल्ट.

लोकांचा गोंधळ होतो तो कामाच्या वाटणीत. या गाड्यांना नेहमीचा स्टार्टर नसतो. इंजिन फिरवते थोरली, मोटर-जनरेटरमार्फत. मग धाकटीचं काम काय? तिजोरीची किल्ली तिच्या कमरेला आहे. तुम्ही बटण दाबता तेव्हा गाडीतले सगळे कॉम्प्युटर धाकटीवर जागे होतात, आपापली तपासणी करतात, आणि सगळं ठीक वाटलं तर थोरलीच्या तोंडाशी असलेले मोठे रिले मिटवून तिला गाडीशी जोडतात. मागून 'टक… टक्' असा आवाज येतो तो याच रिलेंचा. मग डॅशबोर्डवर 'रेडी' लागतं, आणि तिथून पुढे थोरली एका कन्व्हर्टरमार्फत धाकटीला चार्ज करत राहते. रेडी लागलं नाही तर धाकटीला कुणी वाली नाही. थोरली काठोकाठ भरलेली असली तरी ती धाकटीला एक थेंब देऊ शकत नाही, कारण मधले रिले उघडे आहेत, म्हणजे जोडच तुटलेली आहे.

उभी गाडीही थोडी थोडी वीज खात असते. अलार्म, घड्याळ, किल्ली जवळ आली का म्हणून सतत कान टवकारून बसलेला रिसीव्हर, सगळं धाकटीच्या जिवावर. समजा हे खाणं ३० मिलिअँपिअरचं आहे. दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर, ६० दिवसांत ४३. म्हणजे धडधाकट नवी धाकटीसुद्धा दोन महिन्यांत तळ गाठते. त्यात कुणी डॅशकॅम फ्यूजमधून जोडून घेतलेला असेल तर आठवडेच मोजा.

बटण दाबण्याआधी

गाडी लागत नाही म्हटल्यावर माणूस बटण पुन्हा पुन्हा दाबत राहतो. ते थांबवा. आधी टॉर्च घेऊन बॉनेट उघडा आणि उंदीर शोधा. चेष्टा करत नाही. तळघरात उभ्या गाडीचं इंजिन म्हणजे उंदरांचं माहेरघर. लेंड्या, चिंध्या, कुरतडलेला फोम, वायरींवर दातांच्या खुणा, सगळं नीट बघा. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतील, त्या थोरलीच्या. त्यांना हात लावायचा नाही, फक्त बघायचं. नारिंगी आवरण कुरतडलेलं दिसलं तर काम तिथेच थांबवा आणि हायब्रिडची जाण असलेल्या वर्कशॉपला फोन करा. त्या केबलमध्ये इन्व्हर्टरनं वाढवलेला दाब असतो : दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ५०० व्होल्टपर्यंत, तिसऱ्या पिढीत ६५० पर्यंत.

गाडीच्या आत थोरलीला हवा ओढून घेणारी जाळी असते. जुन्या प्रियसमध्ये ती मागच्या सीटच्या कडेला आहे; तुमच्या गाडीत कुठे आहे ते हँडबुकमध्ये चित्रासह दिलेलं असतं. तिच्यावर टॉवेल, पिशवी, मुलांचं दप्तर काही पडलंय का, आत लोकर साठलीय का, बघून घ्या. व्हॅक्यूम क्लीनरनं ती साफ करणं हे घरच्या घरी करता येण्यासारखं आणि फार उपयोगाचं काम आहे. घरात कुत्रं असेल तर जाळीतून निघणारे केस पाहून थक्क व्हाल.

दार उघडतंय पण गाडी 'किल्ली सापडत नाही' म्हणतेय, अशा वेळी किल्लीतला नाण्याएवढा सेल संपला असेल. बहुतेक गाड्यांत किल्ली थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की काम होतं. या एका सेलपायी गाडी टो करून नेलेले लोक मला माहीत आहेत.

धाकटीची नाडी

आता मल्टिमीटर काढा. नसेल तर घ्या; या सगळ्या उद्योगात इतकी स्वस्त आणि इतकी कामाची दुसरी वस्तू नाही. डीसी २० व्होल्टवर ठेवा. डिकी उघडत नसेल तर बॉनेटखाली फ्यूज बॉक्स शोधा. प्रियसमध्ये आणि डिकीत बॅटरी असलेल्या बऱ्याच गाड्यांत तिथे लाल झाकणाखाली अधिकची खूण असलेला एक धातूचा खांब असतो. तो धाकटीच्या अधिक टोकाला जोडलेला आहे. लाल प्रोब त्यावर, काळा प्रोब इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूवर.

१२.६ च्या वर वाचलं तर धाकटी भरलेली आहे आणि दोष दुसरीकडे शोधायला हवा. १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. ११.८ च्या खाली गेली की ती रिकामी समजायची. आमचं मीटर ४.१ दाखवत होतं. मीटरच बिघडलं असं वाटून मी स्कूटरच्या बॅटरीवर लावून पाहिलं, तर तिथे १२.७.

एक आकडा खास लक्षात ठेवा : १०.५. शिशाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५ पाशीच हट्टानं अडून राहत असेल तर एक कप्पा मेला आहे. तिला कितीही पाजा, उपयोग नाही.

चार्जर चांगला, जंपर चालतो

वेळ असेल तर चार्जरच लावा. ऋण टोकाची वायर आधी काढा, मग चार्जर. हायब्रिडमधली धाकटी बहुधा एजीएम प्रकारची असते, म्हणजे आतलं आम्ल काचेच्या धाग्यांच्या चटईत शोषलेलं. तिला ४ ते ५ अँपिअरच्या वर जोरानं चार्ज करायचं नाही आणि चार्जरवर 'रिपेअर' किंवा 'इक्वलाइझ' असं बटण असेल तर त्याच्या वाटेला जायचं नाही, कारण त्यात व्होल्टेज एजीएमला सोसणार नाही इतकं चढतं. रिकाम्या बॅटरीला दहा-बारा तास लागतात. चार्ज झाल्यावर चार तास तशीच सोडा आणि मग मोजा. १२.६ च्या वर टिकली तर वाचली. १२.३ वर घसरली तर दुकानात नेऊन लोड टेस्ट करून घ्या. आणि वय पाहा : चार-पाच वर्षांची बॅटरी एकदा पूर्ण रिकामी होऊन पडली असेल तर तिच्यावर पुन्हा विश्वास टाकू नये, असं माझं मत आहे.

नवी घेताना दुकानदाराशी थोडं भांडावं लागतं. "ही लावा ना मॅडम, अर्ध्या किमतीत, तीच कपॅसिटी," असं तो म्हणेलच. पण धाकटी डिकीत किंवा सीटपाशी असेल तर चार्जिंगमध्ये निघणारा वायू केबिनमध्ये येतो, म्हणून तिला बाहेर वायू नेणारी नळी जोडता येईल अशीच बॅटरी लागते. काही गाड्यांत टोकांचे खांबही नेहमीपेक्षा बारीक असतात. जाड खांबांची आणून हातोडीनं क्लॅम्प बसवलेली मी पाहिली आहे. जुनीवरचा नंबर फोटो काढून न्या आणि तोच मागा.

घाई असेल तर जंप. इथे एक सुखाची गोष्ट : धाकटीला इंजिन फिरवायचं नाही, फक्त कॉम्प्युटर जागे करायचे आहेत. म्हणून खिशात मावणारा जंप-स्टार्टरही पुरतो. दुसऱ्या गाडीवरून घेणार असाल तर लाल वायर आधी आपल्या लाल खांबाला, मग त्यांच्या अधिक टोकाला. काळी त्यांच्या ऋण टोकाला, आणि तिचं दुसरं टोक आपल्या गाडीच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रम. हे दोनदा तपासा, कारण वायरी उलट्या लागल्या तर एका क्षणात मोठा फ्यूज, आणि नशीब फुटकं असेल तर कन्व्हर्टर जळतो. मग काही हजारांचं काम खरोखरच लाखात जातं. २४ व्होल्टच्या ट्रकवरून जंप कधीही घेऊ नका. आणि आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची डिझेल गाडी चालू करून देण्याचा मोठेपणाही टाळा.

ब्रेक पूर्ण दाबून बटण दाबा. ब्रेक न दाबता दाबलंत तर डॅशबोर्ड उजळतो, रेडिओ लागतो, पण ते रेडी नव्हे. त्या अवस्थेत धाकटी चार्ज होत नाही, उलट झरझर रिकामी होते. 'गाडी तासभर चालू ठेवली तरी पुन्हा मेली' म्हणणाऱ्यांची बहुतेक हीच गोष्ट असते.

रेडी लागलं, आता

मागून टक-टक ऐकू आलं, रेडी लागलं, की पहिलं काम गाडी तळघरातून बाहेर काढायचं. थोरली उतरलेली असेल तर इंजिन लगेच किंवा मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप सुरू होईल आणि बराच वेळ चालेल. बंद तळघरात तो धूर जीवघेणा आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मोकळ्यावर उभी करून गिअर 'पी'वरच ठेवा. 'एन'वर ठेवलं तर इंजिन चाललं तरी थोरली चार्ज होत नाही. ही चूक सराईत ड्रायव्हरसुद्धा करतात. एसी, दिवे, काचेचा हीटर बंद. पुन्हा त्या लाल खांबावर मीटर लावा : १३.८ ते १४.५ दिसलं म्हणजे थोरली धाकटीला पाजतेय. १२ च्या घरातच अडकलं असेल तर कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज गेला, आणि तिथून पुढे काम वर्कशॉपचं.

पडद्यावर बॅटरीच्या दांड्या पाहा. आमच्या दोनच उरल्या होत्या. पंधरा-वीस मिनिटांत त्या वर सरकू लागल्या, इंजिन मध्येच थांबलं, आणि त्या शांततेत ह्यांनी सोडलेला सुस्कारा मला स्पष्ट ऐकू आला.

टाकीत पेट्रोल किती आहे तेही बघा. टाकी कोरडी असेल तर इंजिन नाही, इंजिन नाही तर थोरलीला चार्ज नाही. शिवाय पंपावर हल्ली मिळतं ते ई-२०, आणि त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा धरून ठेवतं. पावसाळाभर पाव टाकी पेट्रोल पडून असेल तर आठ-दहा लिटर ताजं घाला, मगच लांब जा. ब्रेक पहिल्या काही वेळा खरखरतील, डिस्कवरचा गंज आहे तो, निघून जातो.

मग गाडी चालवा. नुसती उभी चालू ठेवण्यापेक्षा तीस-चाळीस मिनिटं रस्त्यावर काढणं थोरलीला जास्त मानवतं, कारण त्यात चार्ज होणं आणि खर्च होणं दोन्ही आलटून पालटून घडतं. पण शहराबाहेर एकटं जाऊ नका. पहिल्या दिवशी घराच्या चार-पाच किलोमीटरमध्येच फेऱ्या मारा.

लाल त्रिकोण आणि कोडांची भाषा

धाकटी दम तोडताना कॉम्प्युटर वाटेल ते बरळतात. ब्रेकची चूक, स्टिअरिंगची चूक, हायब्रिड सिस्टिमची चूक, सगळे दिवे दिवाळीच्या माळेसारखे लागतात. त्या अवस्थेत वाचलेल्या कोडवरून (कॉम्प्युटरनं नोंदवलेल्या दोषाच्या क्रमांकावरून) निदान करणं म्हणजे तापात बडबडणाऱ्याचा जबाब कोर्टात वाचून दाखवणं. धाकटी धड झाली, तासभर गाडी चालली, की त्यातले निम्म्याहून अधिक दिवे आपोआप जातात.

तरीही डॅशबोर्डवर धोक्याचा लाल त्रिकोण राहिला तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीचे कोड वाचण्याची जागा) ब्लूटूथ डोंगल लावा. फोनवर टोयोटा आणि लेक्ससच्या हायब्रिडसाठी 'डॉ. प्रियस' किंवा 'हायब्रिड असिस्टंट' ही अ‍ॅपं चांगली आहेत. कोड दिसले की आधी फोटो काढा. पुसायचे ते नंतर, आणि धाकटी ठीक असेल तरच. पुसून पुन्हा चालवल्यावर जो कोड परत येतो तो खरा.

टोयोटाच्या गाड्यांत वारंवार भेटणारे थोडे सांगते. पी०ए८० म्हणजे गाडी थोरली बदला म्हणतेय. वाचून पोटात गोळा येतो, पण याचा नेमका अर्थ इतकाच की ब्लॉकांच्या (मॉड्यूलांच्या जोड्यांच्या) व्होल्टेजमध्ये नको इतका फरक पडला आहे. तो का पडला, हे कोड सांगत नाही. पी३०११ पासून पी३०२४ पर्यंतचे कोड नेमका कोणता ब्लॉक अशक्त आहे ते दाखवतात : ३०११ म्हणजे पहिला, ३०२४ म्हणजे चौदावा. पी०एए६ दिसला तर गाडी चालवू नका. तो सांगतो की उच्च दाबाची वीज कुठेतरी बॉडीकडे गळते आहे. कुरतडलेली केबल, आत शिरलेलं पाणी किंवा पाझरलेला सेल, यातलं काहीतरी. पुराचं पाणी चढलेल्या गाडीत हा कोड आला तर तिला पाण्यातून निघालेला विजेचा खांब समजा.

थोरलीची हजेरी

जुन्या प्रियसमध्ये २८ मॉड्यूलं दोन-दोनच्या १४ ब्लॉकांत मोजली जातात. अ‍ॅपमध्ये चौदा खांब दिसतात, प्रत्येक साधारण १५ ते १६.५ व्होल्टचा. गाडी उभी असताना सगळे सारखे दिसले म्हणून खूश होऊ नका. खरी परीक्षा जोर लावल्यावर. शेजारी कुणालातरी फोन धरून बसवा, मोकळ्या रस्त्यावर जोरात ॲक्सिलरेटर दाबा, मग ब्रेक मारा. निरोगी थोरलीत चौदाही खांब एकदम खाली जातात आणि एकदम वर येतात, कवायतीसारखे. फरक ०.२ ते ०.३ व्होल्टचा असेल तर झोप नीट लागेल. एखादा ब्लॉक दाबाखाली बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली आणि चार्जिंगला व्होल्टभर वर जात असेल, तर तो थकला आहे.

पण पाच महिने उभ्या गाडीचा पहिल्या दिवशीचा आकडा ग्राह्य धरू नका. निकेल-मेटल हायड्राइडची जन्मजात खोड अशी की ती नुसती पडूनही रिकामी होते, महिन्याला साधारण १० ते ३० टक्के, आणि उकाड्यात जास्त. सगळे सेल सारख्या गतीनं रिकामे होत नाहीत. मधल्या मॉड्यूलांना कडेच्यांपेक्षा जास्त उष्णता सोसावी लागते, ती आधी म्हातारी होतात. म्हणून उठल्यावर काही दिवस खांब वर-खाली दिसतात. तीन-चार दिवस रोज चाळीस-पन्नास किलोमीटर चालवा आणि पुन्हा हजेरी घ्या. आमच्यात पहिल्या दिवशी ०.९ चा फरक होता, पाचव्या दिवशी ०.३.

फरक कमी न होता वाढत गेला, दांड्या मिनिटभरात भरून मिनिटभरात संपू लागल्या, किंवा मागचा पंखा सतत घोंघावत राहिला, तर थोरली खरंच थकली आहे.

धाकटी ठणठणीत, तरी इंजिन फिरत नाही

धाकटी १२.७ आहे, डॅशबोर्ड झळझळीत आहे, पण रेडी लागत नाही, किंवा लागून लगेच लाल त्रिकोण येतो आणि इंजिन हलतही नाही. आता प्रकरण थोरलीचं. इंजिन फिरवण्याइतकाही जीव तिच्यात राहिलेला नाही, आणि जंप तिला पोचत नाही, कारण जंप जातो तो धाकटीला. बटण दाबत राहणं इथे सगळ्यात वाईट, कारण प्रत्येक प्रयत्नात उरलासुरला जीवही जातो.

त्यात नेमकं काय बिघडतं ते समजून घेण्यासारखं आहे. १६८ सेल एका रांगेत. वारीच्या दिंडीत एखादा दमून बसला म्हणून दिंडी थांबत नाही, तसा एक सेल शून्यावर आला तरी बाकीच्यांचा प्रवाह त्याच्यातून जातच राहतो. फक्त आता तो त्या सेलला उलट्या दिशेनं चार्ज करू लागतो. अधिक टोक ऋण होतं, आत वायूचा दाब वाढतो, आणि तो सेल कायमचा जायबंदी होतो. थोडीशी रिकामी झालेली थोरली वाचते. रिकाम्या थोरलीला वारंवार ढोसणारा माणूस तिला मारतो.

इंटरनेटवर घरच्या विजेवरून, बल्ब आणि डायोड जोडून थोरलीला चार्ज करणारे व्हिडिओ आहेत. कृपा करून ते करू नका. दोनशे व्होल्टचा डीसी घरच्या एसीपेक्षा ओंगळ असतो : ठिणगी पडली की ती सहज विझत नाही. गाडी फ्लॅटबेडवर चढवून न्या. पुढची चाकं जमिनीला टेकवून ओढत नेऊ नका, कारण ती चाकं फिरली की मोटर वीज तयार करू लागते. धाकटी मेलेली असेल तर 'पी'चं कुलूपही सुटत नाही, म्हणून टो करण्याआधीसुद्धा धाकटी जिवंत हवी.

अधिकृत वर्कशॉपमध्ये थोरलीला बाहेरून चार्ज करण्याचं खास यंत्र असतं. बाहेरच्या कारागिराकडे देत असाल तर पाच मिनिटं उभं राहून त्याचे हात बघा. जाणकार माणूस आधी १२ व्होल्टची वायर काढतो. मग १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घेतो, त्यांच्यात फुंकर मारून मनगटाकडून गुंडाळत जातो आणि कुठून हवा सुटतेय का ते गालाशी धरून तपासतो. मग थोरलीची जोड तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग उपसतो आणि तो सरळ स्वतःच्या खिशात टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला चुकून बसवता येऊ नये. त्यानंतर घड्याळ लावून थांबतो : दुसऱ्या पिढीच्या प्रियसला ५ मिनिटं, तिसरीला १०, आतले कपॅसिटर रिकामे व्हायला. हे न करता स्क्रू ड्रायव्हर घेऊन सीट उचलायला लागणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

एकच मॉड्यूल बदलू का?

'एक मॉड्यूल गेलंय, तेवढं टाकून देतो' हा प्रस्ताव मोहक असतो. पण एक सांधावं तर तेरा तुटावीत, तसंच होतं. नवं मॉड्यूल ताजं, बाकी सत्तावीस थकलेली. चार-सहा महिन्यांत दुसरं जातं, मग तिसरं. गाडी विकायची असेल किंवा वेळ मारून न्यायची असेल तरच हे करावं. करायचंच तर निव्वळ व्होल्टेज जुळवून चालत नाही, प्रत्येक मॉड्यूल चार्ज-डिस्चार्ज करून त्याची खरी कपॅसिटी मोजायला हवी आणि त्याच तोडीचं बसवायला हवं. हे काम दोन-तीन दिवसांचं आहे. दोन तासांत देतो म्हणणारा ते करणार नाही.

पण एक गोष्ट आवर्जून मागा. मॉड्यूलं जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत हिरवट थर चढतो. त्यानं व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक वायरींचा संपर्क बिघडतो आणि धडधाकट ब्लॉकही आजारी दिसतो. पट्ट्या साफ करून, ठरलेल्या टॉर्कनं घट्ट केल्यावर पी०ए८० गेलेला मी स्वतः पाहिला आहे. मघाशी जी एकच खरी थोरलीची केस म्हटलं, ती हीच.

आणि हे सगळं वॉरंटी संपलेल्या गाडीला. टोयोटाच्या भारतातल्या सध्याच्या हायब्रिडना बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी मिळते. त्यात बसत असाल तर मल्टिमीटर आणि जाळीची सफाई इतकंच करा आणि गाडी त्यांच्या हवाली करा.

लिथियमवाल्यांसाठी

ग्रँड विटारा, हायरायडर, होंडा सिटी हायब्रिड यांची थोरली लिथियम-आयनची आहे. ती पडून फारशी रिकामी होत नाही, म्हणून सहा महिन्यांनीही थोरली बहुधा शाबूत असते आणि दोष धाकटीचाच निघतो. वरच्या धाकटीपर्यंतच्या पायऱ्या जशाच्या तशा लागू. ब्लॉकांचे आकडे मात्र वेगळे, निकेलचे त्यांना लावू नका.

पुढच्या वेळी निघताना

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे माणूस. टोयोटाचं हँडबुक सांगतं की दर काही महिन्यांनी किमान ३० मिनिटं किंवा १६ किलोमीटर गाडी चालवा. मी धाकटीसाठी म्हणून दोन आठवड्यांनी एकदा सांगते. चालवणारं कुणी नसेल तर मोकळ्यावर, 'पी'मध्ये, रेडीवर पाऊण तास.

तेही शक्य नसेल तर शेवटच्या दिवशी तासभर गाडी फिरवून आणा, टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरा, चाकांना विटा लावून हँडब्रेक सोडा. डॅशकॅम काढा, आणि ओबीडीचं डोंगलही काढा. मी पहिल्यांदा ज्याच्यावर कोड वाचले तेच डोंगल विसरून पुढच्या महिन्यात धाकटी पुन्हा झोपवली होती. मग धाकटीचं ऋण टोक सोडा आणि वायरीच्या तोंडाला कापड गुंडाळा. टोक डिकीत असेल तर डिकी लोटून घेण्याआधी लोखंडी किल्ली हातात आहे ना पाहा, आणि डिकी आतून उघडायचा आपत्कालीन खटका कुठे आहे तेही शोधून ठेवा. टोक सोडल्यानं धाकटी वाचते. थोरलीची आपोआप होणारी गळती त्यानं थांबत नाही, म्हणून निकेलवाल्यांनी चार महिन्यांच्या वर गाडी अशी सोडू नये. किल्ल्या गाडीपासून लांब, घरात वरच्या मजल्यावर.

यंदा आम्ही पुन्हा जातोय. किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनींकडे दिली आहे, आणि स्टिअरिंगला चिकटवलेल्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय : ब्रेक दाबून बटण. रेडी दिसलं पाहिजे. आधी बाहेर काढा. पी वर. पाऊण तास. एसी नको. वहिनींनी वाचून विचारलं, "आणि गाणी?" गाणी चालतील, म्हटलं.